उठून जाणाऱ्या जाऊबाई

आमच्या घराण्यात पेपरात छापून यावं असं कर्तृत्व कुणी केलं नाही. एक चुलत सासरे तेवढे छत्र्यांच्या कारखान्यात हेडक्लार्क झाले, आणि तेही एकदा छत्री विसरले, भिजले नि न्यूमोनियाने गेले. त्यामुळे जाऊबाई उतारवयात पेपरात आल्या याचं घरात फार कौतुक झालं. नाव आलं नव्हतं. ‘पाचव्या रांगेतील एक वृद्ध स्त्री’ एवढंच होतं. पण ती कोण हे ओळखायला आम्हाला नाव लागलं नाही, कारण पुढचे शब्द होते, ‘मध्येच उठून निघून गेली.’

जाऊबाई म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या भावाची बायको. त्या वर राहतात, मी खाली. दोघींचे नवरे गेले, मुलं आपापल्या संसारात आहेत. जिन्यावर त्यांची पावलं वाजली की मी चहाचं आधण ठेवते. पावलं भरभर असली तर ठेवत नाही. त्या कुठून तरी उठून आलेल्या असतात आणि त्यांना आधी पाणी लागतं.

रागावून सगळेच जातात, पण जाऊबाईंसारखं जाणं मी दुसरं पाहिलं नाही. आधी पर्सचा खटका वाजायचा, टक्. मग चष्मा काढून डबीत जायचा. मग मीठ मागावं तितक्या शांतपणे, “निघते मी.” मग उठायचं आणि खुर्ची होती तशी आत सारायची. माझ्या कॉन्व्हेंटात सिस्टर हे छडी घेऊन शिकवायच्या आणि मला ते अजून जमत नाही. जाऊबाई म्युनिसिपल शाळेतल्या, पण त्यांना ते उपजतच आहे. शेवटी दार. ते त्या कधी आपटत नाहीत. इतकं हळू लावतात की खोलीतली सगळी माणसं श्वास रोखून कडीचा आवाज ऐकत बसतात.

त्या पुतण्याच्या लग्नातून गेल्या, कारण फोटोग्राफर म्हणाला होता, “मावशी, थोडं मागे.” दाताच्या डॉक्टरकडून गेल्या त्या गळ्यातल्या कागदी रुमालासकट. वाचनालयात ‘सहनशीलता’ या विषयावर व्याख्यान होतं, ते वक्त्याने उशिरा सुरू केलं म्हणून गेल्या. कमाल म्हणजे स्वतःच्या साठीच्या जेवणातून गेल्या. जेवण त्यांच्याच घरी होतं. खाली फाटकापर्यंत गेल्यावर ते त्यांच्या लक्षात आलं. परत कसं यायचं, म्हणून पाहुणे पांगेपर्यंत जिन्याखालच्या सायकलीवर बसून राहिल्या. मी केक नेऊन दिला. “क्रीम जास्त आहे,” म्हणाल्या, पण तिथून उठल्या नाहीत. उठून जायचं कुठे?

हे त्यांच्या नोकरीमुळे झालं असं माझे यजमान म्हणायचे. जाऊबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी. ट्रंककॉल जोडून द्यायचा, दोन्हीकडची माणसं एकमेकांना ऐकू येताहेत एवढी खात्री करायची आणि आपला कान काढून घ्यायचा. सुपरवायझर मागे फिरत असायची. एक वाक्य जास्त ऐकलं तर शेरा मिळायचा. त्यामुळे जाऊबाईंच्या डोक्यात जगातल्या गोष्टींची सुरुवात तेवढी साठलेली आहे. “एका माणसाने विचारलं, ‘मग तू येतेस का?’” असं त्या एकदा मला म्हणाल्या, “आणि मी बाहेर पडले. ती आली की नाही, मला आजतागायत माहीत नाही.” हे त्यांनी मटार सोलता सोलता सांगितलं, आणि मग बराच वेळ एकच शेंग हातात धरून बसल्या.

आणखी एक सांगायला हवं. ते सांगताना मला हसवता येत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. थोरले दीर हॉस्पिटलात होते तेव्हा जाऊबाई रोज थर्मासमधून सूप न्यायच्या. एका दुपारी दिरांनी दोन चमचे घेतले आणि म्हणाले, “पातळ झालंय.” टक्. “निघते मी.” त्या बसमधून उतरून जिना चढत होत्या तेव्हाच माझ्याकडे हॉस्पिटलातून फोन आला. त्या दिवसाविषयी त्या कधी काही बोलल्या नाहीत. सूपही पुन्हा केलं नाही.

आता पेपरचं.

माझी नात नाचते. म्हणजे लहानपणापासून तेच करते आहे. मी तिला क्लासला नेऊन सोडत होते आणि बाहेरच्या बाकावर माझं विणकाम करत होते, ते स्वेटर आता तिच्या मुलांना झाले असते, पण तिने लग्नच केलं नाही. ती एका कंपनीत आहे. घुंगरू नाहीत, गाणं नाही, हसरा चेहरा तर मुळीच नाही, अशा नव्या प्रकारचा नाच. त्यांनी बर्फाचा एक बंद पडलेला कारखाना भाड्याने घेऊन त्यात खुर्च्या मांडल्या आहेत. तिथे अजून पायांना गार लागतं. यंदा त्यांनी ‘वाटणी’ नावाचा नवा प्रयोग बसवला आणि नातीला त्यात मुख्य काम मिळालं. ते सांगायला ती घरी आली तेव्हा जाऊबाई माझ्याकडेच होत्या.

“कशाचं काम?” मी विचारलं.

“मेलेल्या बापाचं.”

“तू मुलगी आहेस.”

“मिशी लावतात, आजी.”

“आणि नाचायचं कधी?”

“टेबलावर पडून राहायचं. हलायचं नाही. तोच नाच. सगळ्यात अवघड काम आहे ते.”

“मग तुझे आजोबा मोठे नर्तक म्हणायचे,” जाऊबाई तिला म्हणाल्या. “रविवारी दुपारभर नाचायचे.”

पहिल्या प्रयोगाला आम्ही दोघी गेलो. काय पाहिलं ते नीट सांगते, कारण नंतर शेजारपाजारी त्याविषयी भलतंच सांगत होते. रंगमंचावर एक लांबलचक टेबल, मागे कुठेतरी एकच ढोल वाजतो. त्यावर बाप, म्हणजे आमची नात, सूट घालून मेलेला. भोवती त्याची मुलं, सुना, जावई. अंगाला चिकटलेले कातडीच्या रंगाचे कपडे, शिवण दिसते म्हणून आहेत हे कळायचं. ही मंडळी आधी रडतात. मग एकेक जण बापाचं काही ना काही काढून घेतो. कोट, घड्याळ, पट्टा, बूट. ते घालून नाचतात, एकमेकांचं ओढतात, चावतात, टेबलाखाली कुत्र्यांसारखे गुरगुरतात. एक सून रिकाम्या कोटाबरोबर असं काही नाचते की माझ्या शेजारचे गृहस्थ कार्यक्रमपत्रिका उलटी धरून वाचू लागले. मग सगळ्यांना भूक लागते. ते बापाच्या छातीवर, पोटावर वाडगे मांडतात आणि सुर्र सुर्र करत सूप पितात.

मला भीती होती की लोक ओरडतील. कुणी हूं की चूं केलं नाही. ही हल्लीची माणसं शिकलेली आहेत. काहीही दाखवा, मान तिरकी करून बघतात आणि शेवटी मोजून टाळ्या वाजवतात.

सूप सुरू झालं आणि मला शेजारून आवाज आला. टक्.

पुढच्या रांगेत एक उंच माणूस होता. त्याने केसांचा अंबाडा घातला होता, डोक्याच्या अगदी वर. जाऊबाईंनी त्याला दोनदा सांगितलं होतं, “अहो, जरा डोकं.” दुसऱ्यांदा तो मागे न बघता म्हणाला होता, “श्श.” चष्मा डबीत गेला. “निघते मी.” खुर्ची घडीची होती, ती त्यांनी घडी करून ठेवली. मग त्या चालत चालत मागच्या दारापर्यंत गेल्या. दारावरचे टॉर्चवाले काका स्टुलावरून उठले. दार हळूच लागलं. अख्ख्या कारखान्याने कडी ऐकली.

दुसऱ्या दिवशी पेपरात समीक्षण आलं. जाऊबाईंना चार ओळी आणि नातीला अर्धी. लिहिणाऱ्याने लिहिलं होतं की, या वृद्धेचं निःशब्द जाणं म्हणजे एका पिढीने आपल्या चेहऱ्यासमोरून हलवलेला आरसा. आरसा कुणाच्या हातात होता ते मला वाक्य दोनदा वाचूनही कळलं नाही. जाऊबाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं.

“अंबाड्याचं काहीच लिहिलं नाही यात,” म्हणाल्या.

त्या संध्याकाळपासून बर्फाच्या कारखान्यात बसायला जागा मिळेना. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शक आमच्या घरी आला. हा माणूस आपादमस्तक काळ्या कपड्यांत असतो आणि दुसरा बोलायला लागला की मान एका बाजूला टाकून ऐकतो, म्हणून आम्ही दोघी त्याला कावळा म्हणतो. त्याच्या तोंडावर नाही.

“तुम्ही आमच्या कामाने जखमी झालात,” तो जाऊबाईंना म्हणाला. “मला त्याबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत.”

“मी अंबाड्याने जखमी झाले.”

कावळ्याने मान दुसऱ्या बाजूला टाकली. त्याला ते फारच खोल काहीतरी वाटलं असावं. “पुन्हा याल का?” त्याने विचारलं. “प्रत्येक प्रयोगाला. आणि तिथेच, त्याच क्षणी...”

“उठून जाऊ?”

“तुम्हाला आतून वाटलं तर.”

“मला आतून नेहमीच वाटतं,” जाऊबाई म्हणाल्या. “पण माझ्या अटी आहेत.”

कडेची खुर्ची हवी. तिच्यावर उशी हवी. पुढे बुटका माणूस हवा, किंवा टकला. आणि मी बरोबर हवी, पण मी शेवटपर्यंत बसायचं, कारण दोघी उठलो तर ते किटी पार्टी सुटल्यासारखं दिसेल. कावळ्याची अट एकच होती. उठून गेल्यावर त्यांनी कारखान्याच्या आवारात थांबायचं नाही. निषेध केलेली बाई बाहेर चहात बिस्किट बुडवताना दिसली तर सगळं मुसळ केरात. म्हणून समोरच्या रस्त्यापलीकडच्या चहाच्या दुकानातलं आतलं टेबल ठरलं. तिथून कारखाना दिसत नाही.

मी म्हटलं, “जाऊबाई, ही लबाडी नाही का?”

“लबाडी कसली? जन्मभर फुकट केलं. कुणी ‘पुन्हा करा’ म्हणालं नव्हतं.”

त्यांनी ते काम इतकं मनावर घेतलं की विचारू नका. पर्सचा खटका सैल झाला होता तो चांभाराकडून घट्ट करून घेतला. पाचव्या रांगेपासून दारापर्यंत कुठल्या पायरीला पाय अडखळतो ते बघून ठेवलं. पहिल्या आठवड्यात लोक वळून बघायचे. दुसऱ्या आठवड्यात एक जोडपं त्यांच्यामागोमाग उठलं. मग चारपाच जण. पुढे पुढे तर लोक उठून जायलाच येऊ लागले. कॉलेजातली पोरं कडेच्या खुर्च्यांसाठी भांडायची. सूप सुरू व्हायच्या आधीच पर्सा उघडमिट व्हायच्या. खोकल्याच्या गोळ्या वाटाव्यात तशी एक अस्वस्थता हॉलभर फिरायची, आणि जाऊबाईंच्या खटक्याबरोबर अर्धा हॉल खुर्च्या सरकवायचा. टॉर्चवाले काका मला म्हणाले, “बाई, मी सिनेमाच्या थेटरात उमेदवारी केली. सुटल्यावर गर्दी होते. इथे न सुटता होते.”

त्यात अंबाडेवालाही एकदा दिसला. जाऊबाईंनी त्याला दारात वाट दिली. “आधी तुम्ही,” म्हणाल्या. “तुमचं डोकं पुढे असलेलं आवडतं ना तुम्हाला?”

आणि मग एके दिवशी चहाच्या दुकानात, मी प्रयोग संपवून रस्ता ओलांडून आले तेव्हा, त्यांच्यासमोरचा चहा तसाच होता. वर साय धरली होती.

“तो अजून टेबलावरच असतो का गं?” त्यांनी विचारलं.

“कोण?”

“बाप.”

“सांगू पुढे काय होतं ते?”

“नको.” त्यांनी साय चमच्याने बाजूला केली. “नुसतं एवढं सांग. त्याला कुणी काही विचारतं का?”

“काय विचारतं?”

“काहीही. हवं का, नको का.”

“जाऊबाई, तो मेलाय.”

“ते मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या, आणि पर्सचा खटका वाजला. पण जायला त्या आधीच बाहेर होत्या. म्हणून पुन्हा खटका लावला आणि गार चहा पिऊन टाकला.

त्या दिवसापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर राहीना. नात म्हणाली, “मोठी आजी, मी सांगते ना शेवट.” नको म्हणाल्या. नात म्हणाली, फोनवर चोरून शूटिंग करून आणते. “मेलेल्याचं पुढे काय होतं ते मी फोनवर बघू? अंगठ्याएवढं?” तालीम बघायला चला म्हटलं, तर म्हणाल्या, तालमीत कुणी खरं मरत नाही. त्यांना तो शेवट हवा होता तो तिथेच, हॉलमध्ये, आपल्या खुर्चीवरून, इतरांना दिसतो तसा. जन्मभरात मी त्यांना एखाद्या गोष्टीसाठी बसायचं आहे असं म्हणताना ऐकलं नव्हतं. शेवट काय आहे ते मी इथेही लगेच सांगत नाही. जाऊबाईंच्या आधी तुम्हाला कळणं बरं नव्हे.

त्यांनी सरळ कावळ्याला फोन लावला. मी शेजारीच होते.

“मला एक दिवस सुट्टी द्या,” म्हणाल्या. “म्हणजे उठण्यातून सुट्टी. मी बसते.”

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. जाऊबाईंनी सवयीने रिसीव्हर कानापासून दूर धरला होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं. पुढच्या शनिवारी शेवटचा प्रयोग. परदेशातल्या एका मोठ्या महोत्सवाची दोन माणसं बघायला येताहेत. त्यांनी बोलावलं तर कंपनी वर्षभर जगेल, नाही बोलावलं तर बर्फाचा कारखाना सोडावा लागेल. आणि त्यांनी पेपरातलं वाचलंय. ती उठून जाणारी बाई त्यांना बघायची आहे. “तुम्ही बसलात तर तो माफीनामा होईल,” कावळा म्हणाला.

“आणि त्या आधी एखाद्या दिवशी?”

“बाई, तुम्ही एकदा बसलात की संपलं. लोक तुमच्याकडे बघून उठतात.”

जाऊबाईंनी फोन ठेवला. “बघ,” म्हणाल्या. “जन्मभर सगळे म्हणाले, बसा हो, बसा हो. आता बसते म्हटलं तर कुणाला नको.”

त्या आठवड्यात नात दोनदा येऊन गेली. तिने तोंडाने काही मागितलं नाही. पण कारखाना सुटला तर दुसऱ्या कुठल्या कंपनीत या वयात घेतील का, असं मला स्वयंपाकघरात हळूच विचारलं, आणि आमच्या स्वयंपाकघरातलं हळू वर जिन्यापर्यंत जातं. दुसऱ्या वेळी जाऊबाई खाली आल्या आणि तिला म्हणाल्या, “मिशी वाकडी लावतेस तू. डावीकडे. पाचव्या रांगेतून दिसतं.” एवढंच. मी मनात म्हटलं, इकडे आड तिकडे विहीर. एकीला शेवट बघायचा आहे आणि दुसरीचं पोट त्या उठण्यावर आहे, आणि दोघी माझ्याच.

शनिवारी हॉल खचाखच होता. महोत्सवाची माणसं तिसऱ्या रांगेत होती, एक बाई आणि एक पूर्ण टक्कल असलेले गृहस्थ. जाऊबाईंनी टक्कल पाहून समाधानाने मान हलवली. त्यांनी राखून ठेवलेला निळा कोट घातला होता. वर जिथे दिवे सांभाळतात त्या काचेच्या खोलीत कावळा उभा होता.

रडणं झालं. बूट गेले, घड्याळ गेलं. सून कोटाबरोबर नाचली. वाडगे आले. सुर्र.

मी डोळे मिटले. टक्.

खरं सांगते, मला नातीसाठी हायसं वाटलं, आणि जाऊबाईंसाठी वाईट. “निघते मी.” खुर्चीची घडी. त्या निघाल्या, आणि त्यांच्यामागे अर्धा हॉल उठला, पोरं, जोडपी, अंबाडेवाला, सगळे रांगेने. टकलू गृहस्थांनी आनंदाने शेजारच्या बाईंचा हात दाबला. टॉर्चवाले काका स्टुलावरून उठून दार उघडायला गेले.

आणि जाऊबाई त्यांच्या स्टुलावर बसल्या.

अगदी सहज, बस येईपर्यंत टेकावं तशा. पर्स मांडीवर. चष्मा डबीतून काढून डोळ्यांवर. मागची सगळी रांग एकमेकांवर आदळून थांबली.

“आजी, जायचं नाही का?” एका पोराने कुजबुजत विचारलं.

“तू जा की. मी धरलंय का तुला?”

“तुम्ही?”

“गुडघा भरून आलाय. दारापर्यंत आले ना? झालं तर. आता खाली बस, मला दिसत नाही.”

तो पोरगा बसला. त्याच्यामागची मुलगी बसली. आता एकट्याने उठून जायचं म्हणजे पंचाईत, आणि खुर्चीपर्यंत परत जायचं म्हणजे लाज. तेव्हा अर्धा हॉल वाटेतच, पायऱ्यांवर, जमिनीवर बसला. अंबाडेवाला दोन माणसं सोडून मागे उभाच होता.

“अहो, जरा डोकं,” जाऊबाई म्हणाल्या. तोही बसला.

काचेच्या खोलीत कावळ्याने कपाळ काचेला टेकलं होतं.

आता शेवट. सूप संपतं. बापाच्या अंगावर शर्ट आणि मोजे एवढंच उरलेलं असतं. सगळे ढेकर देऊन टेबलाभोवती पेंगतात. ढोल थांबतो. आणि बाप उठून बसतो. हळूच, एकेक वाडगा बाजूला ठेवत. टेबलावरून उतरतो, सगळ्यांकडे बघतो. कुणी वर बघत नाही. एक मुलगा तर त्याच्याच कोटाची उशी करून झोपलेला असतो. बाप ती उशी ओढत नाही. तो रंगमंचावरून खाली येतो आणि मधल्या वाटेने, मोज्यांनी, प्रेक्षकांतून चालत मागच्या दाराने निघून जातो. दार लागतं. अंधार. संपलं.

तर बाप उठून जातो. त्याच दाराने. ते पहिल्या प्रयोगापासून मला माहीत होतं आणि मी इतके दिवस तोंडाला कुलूप लावून होते.

त्या संध्याकाळी वाटेत माणसंच माणसं बसलेली होती. नात कुणाच्या गुडघ्याला हात लावत, कुणाच्या पिशवीवरून पाय टाकत येत होती. चेहऱ्याला पांढरी पावडर, मिशी या वेळी अगदी सरळ. लोक सरकून वाट देत होते आणि वर बघत होते. इतके दिवस त्यांनी हे पाहिलंच नव्हतं. ती दारापाशी आली आणि तिथे स्टुलावर जाऊबाई.

जाऊबाई उठल्या. मी मागे वळून बघत होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी त्या शर्टाची बाही धरली.

“कुठे निघालात?” त्या म्हणाल्या.

नात नंतर म्हणाली, मेलेल्याने बोलायचं नसतं म्हणून ती नुसती उभी राहिली. आणि मग जाऊबाईंनी आयुष्यात हजारदा म्हटलेलं वाक्य जरा बदलून म्हटलं.

“थांबा. मीपण येते.”

त्यांनी वळून टॉर्चवाल्या काकांचं स्टूल भिंतीला सारून ठेवलं. बाही सोडली नाही. दोघं बाहेर गेली. दार त्यांनीच लावलं, नेहमीसारखं. कडी वाजली तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. बऱ्याच वेळाने वाजवली.

मी बाहेर गेले तेव्हा पॅसेजमध्ये मेलेला बाप म्हणत होता, “मोठी आजी, हात सोड, मला आत जाऊन प्रेक्षकांसमोर वाकायचंय,” आणि जाऊबाई म्हणत होत्या, “आधी पायात काहीतरी घाल. बर्फाची फरशी आहे ही.”

पुढे काय झालं ते विचाराल. महोत्सवाची ती दोन माणसं पॅसेजमध्ये आली. कावळा मागे, चेहरा कोळशासारखा. टकलू गृहस्थ जाऊबाईंसमोर उभे राहून भरभरून काहीतरी बोलू लागले. नात भाषांतर करत होती. “ते म्हणताहेत, असा शेवट त्यांनी आजवर पाहिला नव्हता. ते म्हणताहेत, कंपनीने यायचंच, पण तुम्हीसुद्धा...”

टक्. “निघते मी,” जाऊबाई म्हणाल्या. “चहा गार होतोय.”

चहा अजून सांगितलाही नव्हता. टकलू गृहस्थांचं वाक्य तोंडात राहिलं. कावळ्याने मान आधी एका बाजूला टाकली, मग दुसऱ्या, आणि मग मी प्रथमच त्याला हसताना पाहिलं. कंपनी महोत्सवाला गेली. जाऊबाई काही गेल्या नाहीत. आता तिकडे तिथलीच कुणीतरी म्हातारी दारात बसवतात म्हणे. नातीने लिहिलंय की ती बरी आहे, पण स्टूल भिंतीला सारून ठेवत नाही.

त्या संध्याकाळी मी रस्ता ओलांडून दुकानात गेले तर जाऊबाई आतल्या नव्हे, बाहेरच्या टेबलावर बसल्या होत्या, अगदी कारखान्याच्या समोर, आणि बिस्किट बुडवत होत्या. हॉलमधून बाहेर पडणारे लोक त्यांच्याकडे बघत होते. त्या कुणाकडे बघत नव्हत्या. मी बसले. माझा चहा आला. त्यांनी बिस्किटाचा एक तुकडा बशीत पडू दिला, तो चमच्याने काढला, खाल्ला.

“पातळच झालं होतं गं,” म्हणाल्या. “सूप.”